तीन सुयांचा पाइन

४ नोव्हेंबर, सोमवार

लेख छापून आला. ललिताताईंचं नाव पहिलं, योगेशचं दुसरं. माझं नाहीच! आभारांतसुद्धा नाही. चित्रं मात्र पाचही माझी — दोन हिवाळे देवळाली कॅम्पला ताईंच्या घरी जाऊन, भिंगातून दगड बघून काढलेली.

ताईंनी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. योगेश त्यांचा विद्यार्थी. हा दगड त्यांना हिमाचलच्या सहलीत मिळाला होता. त्यावर लाखो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या पाइनचा ठसा. साखरेच्या आजारानं ताईंची नजर गेली तेव्हा म्हणाल्या, "आता तूच माझे डोळे." केवढी सुखावले होते मी!

५ नोव्हेंबर

दिनेश म्हणतो, "ते झाड लाखो वर्षं गप्प बसलं, तू आठ दिवस बस की!" नवऱ्यांना विनोद बरे सुचतात.

७ नोव्हेंबर

न राहवून फोन केला. "ताई, माझं नाव?"

"अगं, तू गोष्टी लिहिणारी. शास्त्रात नाव घालायचं म्हणजे जबाबदारी येते. उद्या कुणी प्रश्न विचारले तर काय सांगशील?" मग हसून, "रागावलीस होय? रविवारी ये. योगेश पेढे आणणारेय."

पेढे! जशी काही मी शेजारीण.

"बरं" म्हणाले. का म्हणाले?

८ नोव्हेंबर

लेख पुन्हा वाचला. सगळं एकाच गोष्टीवर उभं — त्या भागातल्या दगडांत सापडलेल्या बाकी पाइनांत एका जुडीत दोन सुया, म्हणजे सुईसारखी पानं, याच्यात तीन. म्हणून ही नवी जात. पुरावा? आकृती दोन. माझी! फोटोत नुसतं धूसर दिसतं.

माझ्याशिवाय ही जातच नाही. आणि मी कुठेच नाही.

रडले. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या आडोशानं.

९ नोव्हेंबर

संपादकांना पत्र लिहिलं. चारदा फाडून पाचव्यांदा. सोबत कच्ची चित्रं जोडणार — दगड समोर असताना काढलेली, तारखांसकट. माळ्यावरची पेटी उद्या उतरवते. मग बघू ताई काय म्हणतात.

१० नोव्हेंबर, रविवार

कच्च्या चित्रात सुया दोन.

तिसरी मी घरी काढली — पक्कं करताना, जुडी भरलेली दिसावी म्हणून. तेव्हा ताईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "किती गं?"

मी पक्क्या चित्राकडे बघून सांगितलं, तीन.