शेजारणीच्या उंदरांसाठी आखूड बंदूक

तीर्थरूप बापूमामा यांच्या चरणी शाल्मलीचा नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे वाटत नाही, आणि तरीही लिहीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा असावी. आपण आईचे मावसभाऊ. आपली माझी भेट एकदाच, सुनंदामावशीच्या लग्नात. तेव्हाही मी आपल्याशी एक अक्षर बोलले नव्हते; पंगतीत वाढताना मठ्ठा आपल्या बाहीवर सांडला, एवढाच आपला परिचय. (त्याची क्षमा मागायची राहिली होती, तीही याच पत्रात मागते, म्हणजे दोनदा त्रास नको.) आपले गुडघे आता कसे आहेत? मामींचा दमा थंडीत बळावतो असे आई सांगते, तेव्हा त्यांनी पहाटे अंगणात येऊ नये. आपण कोल्हापुरात तीस वर्षे मुलांना नेमबाजी शिकवलीत. छऱ्याच्या बंदुकीविषयी विचारावे असे आपल्या नात्यात दुसरे कोणीच नाही, म्हणून हे धाडस.

मी गेली तीन वर्षे इंग्लंडात, हेरेफर्डशर परगण्यातल्या एका खेड्यात, विल्फ्रेड प्रॉबर्ट नावाच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या विधुर गृहस्थांच्या घरी राहून त्यांची देखभाल करते. स्वभावाने ते प्रेमळ आहेत, पण त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला आहे. कडेचे दिसते, ज्याच्याकडे सरळ पाहावे नेमके तेच नाहीसे होते. डॉक्टरांनी हे त्यांना दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्यांनी डॉक्टरांच्या कानाकडे पाहत मान डोलावली आणि घरी येऊन बंदुकीला तेल घातले.

इथल्या दारूच्या गुत्त्यांत दर गुरुवारी संघासंघांचा नेमबाजीचा सामना होतो. भिंतीवर लोखंडी पत्रा, त्याच्या मधोमध करंगळी जेमतेम जाईल असे भोक, आणि भोकामागे घंटा. छरा भोकातून गेला की घंटा वाजते आणि पाच गुण मिळतात. बाजूच्या वर्तुळांना चार, तीन असे उतरते. पत्र्याला पांढरा रंग फासलेला असतो, त्यावरची खूण पाहून कोणीतरी गुण पुकारायचे. हे काम माझ्याकडे आले, कारण त्या खोलीत बिअर न पिणारी मी एकटीच. पहिल्याच गुरुवारी प्रॉबर्ट यांचा छरा पत्र्याला लागलाच नाही. तो शेजारच्या फळीत घुसला. मी फळीकडे पाहत उभी राहिले. तेव्हा संघाचे कप्तान लेन प्रीस माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “बाय, म्हातारा पन्नास वर्षं आपल्या संघात आहे. बायको गेल्यापासून त्याला हा एक गुरुवारच उरलाय. तुझं काय जातंय? चार म्हण नि मोकळी हो.” मी चार म्हटले. परीक्षेच्या कागदावर जिने कधी चुकीचे उत्तर लिहिले नाही, तिने त्या संध्याकाळी सहा वेळा चार म्हटले, आणि पुढे दोन वर्षे म्हणत राहिले. सारे गाव हे जाणून आहे आणि सारे गाव टाळ्या वाजवते.

घंटेला मात्र कोणी समजावलेले नाही, त्यामुळे ती वाजत नाही. प्रॉबर्ट यांनी यावर बराच विचार केला. “पोरी, सारखे चार! म्हणजे हात शाबूत, नजर शाबूत. खोट बंदुकीत आहे. लांब नळीची ही घोडी, ऐन वेळी नाक खाली घालते.” तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात एकही दोष नाही, बापूमामा. दोष आहे तो मी पुरवलेल्या आकड्यांत.

ऑगस्टमध्ये याच आत्मविश्वासाने त्यांनी परसातल्या गाजरांच्या वाफ्यात ससा पाहिला आणि गोळी झाडली. दोन वर्षांत पहिल्यांदा नेम बरोबर बसला. तो ससा नव्हता. शेजारच्या मिसेस एडना ग्वॉटकिन यांचा बिशप नावाचा करडा बोका होता. मी धावत गेले तेव्हा तो संपला होता. मागून हाक आली, “जाडजूड आहे ना? सोलून ठेव, वर कणकेचं झाकण घालून भाजू!” मी बिशपला गूजबेरीच्या झुडपाखाली पुरले, खाटकाकडून कोंबडी आणली आणि (मी शाकाहारी असून) ती सशाच्या नावाने भाजली. जेवायला त्यांनी मिसेस ग्वॉटकिन यांनाच बोलावले. त्यांनी दोनदा वाढून घेतले, आणि निघताना उरलेले चार तुकडे बशीतून नेले. बिशप दोन दिवस घरी आला नव्हता, वासाने तरी येईल म्हणून. ती बशी त्यांच्या पायरीवर आठवडाभर तशीच होती. मला या कामावर नेमणाऱ्या कंपनीच्या नियमाप्रमाणे घरातली प्रत्येक दुर्घटना त्याच दिवशी वहीत लिहायची असते, आणि माझा इथे राहण्याचा परवाना त्या कंपनीवर अवलंबून आहे. त्या दिवशी मी वहीत ‘भूक चांगली’ असे लिहिले.

बोका गेल्यामुळे मिसेस ग्वॉटकिन यांच्या सफरचंदांच्या कोठीत उंदीर झाले. गेल्या रविवारी त्या कुंपणाशी आल्या. “विल्फ, माझा बिशप असता तर एकाची हिंमत झाली नसती. आता तूच काय ते बघ.” प्रॉबर्ट यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचे बटण मी नंतर शिवले. “एडना, तू फक्त टॉर्च धर. बाकी माझ्यावर सोड.” कोठी दोन हात रुंद, दोन्ही बाजूंना पेट्यांची उतरंड, लांब बंदूक आत वळतच नाही. म्हणून आखूड हवी, आणि गुरुवारच्या घंटेलाही तीच चालावी.

दुकानदाराने दोन काढून ठेवल्या आहेत. पहिलीत सारी यंत्रणा दस्त्यातच बसवलेली, त्यामुळे ती हातभरच भरते. छरा साडेपाच मिलिमीटरचा, हवा आधीच कोंडलेली, एकामागून एक दहा छरे सुटतात. ही शिकारीची. दुसरी तिच्याहून बोटभर लांब, वजनाने हलकी, छरा साडेचारचा. दर वेळी नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग ताणायची आणि एकच छरा घालायचा. ही निशाण्याला अचूक. “शाल्मली पुस्तकं वाचते, तीच ठरवेल,” असे प्रॉबर्ट यांनी दुकानात सांगितले, त्यामुळे मी वाचनालयातून तीन पुस्तके आणून चौदा रकान्यांचा तक्ता केला. पहिली घेतली तर दहा चुका एका दमात होतील. दुसरी घेतली तर दोन चुकांच्या मध्ये पश्चात्तापाला थोडी सवड मिळेल. समोर काय आहे हे ज्याला दिसत नाही त्याने कोणती घ्यावी, याचा रकाना तिन्ही पुस्तकांत नाही. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. कृपया आपले मत कळवावे.

मामींना नमस्कार.

आपली नम्र भाची,
शाल्मली

ता. क. वरील मजकूर पुन्हा वाचला. मी आपणांस बंदुकीविषयी विचारण्यासाठी लिहिलेलेच नाही. आई एकदा म्हणाली होती की आपला उजवा डोळा अधू झाला तेव्हा आपण एका सकाळी रायफल पेटीत ठेवलीत आणि त्यावर घरात कोणाशी बोलला नाहीत. ती आपण कशी ठेवलीत, एवढे प्रॉबर्ट यांना लिहाल का? चार ओळी पुरेत. मी इंग्रजी करून वाचून दाखवीन. डॉक्टरांचे ते ऐकत नाहीत, आणि माझे ऐकण्याजोगे मी काही ठेवलेले नाही. पण नेमबाजाचे ते ऐकतील. ‘चार’ हा शब्द मात्र पत्रात नसावा.

दुसरा ता. क. हे लिहीत असतानाच मिसेस ग्वॉटकिन नव्या बॅटऱ्या घातलेला टॉर्च दाखवायला आल्या. शनिवारी सकाळी त्या स्वतःच प्रॉबर्ट यांना गाडीतून दुकानात नेणार आहेत आणि दुपारी कोठीत उतरायचे ठरले आहे. कोणत्या बाजूला उभी राहू, असे त्यांनी मला विचारले. त्यांना सारे सांगावे म्हणून मी तोंड उघडले, आणि तोंडातून एवढेच बाहेर पडले की तुमची कंबर दुखते, टॉर्च मी धरीन. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. तेव्हा आपले पत्र शनिवारपूर्वी पोहोचले तर फार उपकार होतील. तेवढा वेळ नसल्यास, टॉर्च धरणाऱ्याने उंदरापासून किती अंतरावर उभे राहावे असा काही नियम असेल, तर तेवढा तरी कळवावा.

ई-मेलने रवाना: मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे (आपल्याकडे रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटे).