यंत्राने पसंत केलेला नवरदेव

अमरावती, ५ जानेवारी १९६४
लायब्ररीत वाचलं, अमेरिकेत यंत्र विचार करतं. ठरलं. समाजाच्या वधूवर मेळाव्यासाठी लग्न जुळवणारं यंत्र मीच करणार. वामनराव वकिलांकडे त्यांच्या शैलाला मागणी घालायची माझी हिंमत नाही. यंत्राने घातली तर प्रश्न मिटला.

११ जानेवारी
डिझाइन पूर्ण. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, कडेला भोकं, दर भोकाला एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर भोक कडेपर्यंत कापायचं. मुलीच्या अटींच्या भोकांत विणायच्या सुया घालून गठ्ठा उचलला की सगळ्या अटींत बसणारं कार्ड खाली पडतं. वर टॉर्चचा बल्ब लावला. त्याचं काम काही नाही, पण लोकांचा विश्वास बसतो.

१८ जानेवारी
नियम केले. एक, यंत्राशी कोणी खोटं बोलू नये. दोन, यंत्राचा निकाल शेवटचा. दुसरा खास वामनरावांसाठी.
माझ्या कार्डाची सगळीच भोकं कापली. हे खोटं नव्हे, तयारी आहे.

२ फेब्रुवारी, मेळावा
घात झाला. पहिलं नाव वलगावच्या शेतकरी चंद्रभानच्या बहिणीचं, सिंधूचं निघालं. अटी: घरजावई, पहाटे उठणारा, नांगर धरणारा. एकच कार्ड पडलं. माझं. टाळ्या. मी म्हटलं, यंत्र पुन्हा तपासू. वामनराव म्हणाले, अपील नाही, नियम तुयाच हाय ना. मग शैलाला परतवाड्याचा हेमचंद्र मिळाला. माझं कार्ड तेव्हा गठ्ठ्याबाहेर.
मी घडवलेल्या यंत्राने माझाच गळा कापला. शैलाही टाळ्या वाजवत होती.

३ फेब्रुवारी
बल्ब काढून घेतला. यंत्राची तीच लायकी.

९ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. वलगाव तसं जवळ. सिंधू मेळाव्यात माझ्याकडे बघून हसली होती. छान हसते. उद्यापासून पहाटे उठणार.

१० फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
उद्यापासून नक्की.

१६ फेब्रुवारी
नवा शर्ट घालून वलगावला गेलो. सिंधूने विचारलं, तुमाले नांगर धरता येते काय? हो म्हटलं. हात दाखवा बरं, म्हणाली. दाखवले. बघितले आणि आत गेली.
थोड्या वेळाने चंद्रभान चहा घेऊन आला. खाली बघत म्हणाला, मशीन लबाड हाय म्हणून राहिली सिंधू. मी म्हटलं, हो ना, मलाही फसवलं त्याने. चंद्रभानला दया आली. बसपर्यंत पोचवायला आला.
सिंधू बाहेर आली नाही. मला वाटलं होतं, येईल.