सेकंदाला सहा गिगाबाइट

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. साहेबांनी बोलावून सांगितलं, कॅमेऱ्याचं चित्र एफपीजीए नावाच्या आपल्या सर्किट-कार्डातून कॉम्प्युटरपर्यंत सेकंदाला सहा गिगाबाइटने पोचवून दाखवा, विभागप्रमुखाची खुर्ची तुमची. गिऱ्हाईक पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या कारखान्याचं. कामगाराचा हात प्रेसखाली गेला, की चित्रावरून मशीन थांबलं पाहिजे. सोपं आहे. शिवाय रोज पहाटे व्यायाम.

९ जून
वेग दोन. दोष केबलचा.
नवी केबल. वेग दोन. दोष कॉम्प्युटरचा. व्यायाम सोमवारपासून.

१४ जून
माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. कॅमेऱ्यासमोरच बसते. उठसूट शंका काढते, म्हणून मी तिचं नाव ‘शंका’ ठेवलं. आता सगळं ऑफिस तेच म्हणतं. विनोदबुद्धी उपजत असावी लागते. वेग सव्वादोन.

१९ जून
सहा पूर्णांक चार! कॉम्प्युटर प्रत्येक वेळी कार्डाची वाट पाहत थांबायचा. मी ते थांबणंच प्रोग्राममधून काढून टाकलं. एक ओळ फक्त. शंकाने विचारलं, थांबायचंच नाही तर नवं चित्र आलंय की जुनंच परत वाचलं जातंय, हे कळणार कसं? मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तू स्टोअरमध्ये जाऊन स्क्रू मोज. तिथे शंकेला जागा नसते.” सगळे हसले. ती कॅमेऱ्याकडे बघत बसून राहिली. मी तेवढ्यात प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवला. परत सहा! मग ती उठून गेली.
कॉम्प्युटरवर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवला. चालत्या गाडीला खीळ कशाला?

२३ जून
पडद्यावर चित्राच्या जागी वेगाचा आकडा मोठा करून ठेवला. चित्र काय, कुणीही दाखवतं. जेवताना हिला सगळं सविस्तर सांगितलं. ही म्हणाली, हे कालही सांगितलंत, परवाही. त्या पोरीचं काय झालं, तेवढं सांगा. हिला बँडविड्थ कळत नाही. नवा कोट शिवायला टाकला.

३० जून
गिऱ्हाईक आलं. आकडा पाहून मान डोलावली. मग म्हणालं, चित्र दाखवा.
आकडा बाजूला केला. गिऱ्हाइकाने कॅमेऱ्यासमोर हात धरला. पडद्यावर हात नाही. दुसरा धरला. तोही नाही. पडद्यावर शंका. समोरची खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर त्याच खुर्चीत ती, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी, सरळ आमच्याकडे बघतेय.
गिऱ्हाइकाने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, चाचणीचं चित्र. साहेब म्हणाले, ही तर कधीच स्टोअरमध्ये गेली.
गिऱ्हाइकाने दोन्ही हात खिशात घातले. “माझा कामगार असता, तर एव्हाना मनगटं गेली असती.”
दोष विजेचा असावा. कोट काखेत काचतो.

८ जुलै
ऑफिसात थोडे फेरबदल. विभागप्रमुखाच्या खुर्चीत शंका. तिला आता मॅडम म्हणायचं असतं. जीभ वळत नाही, पण वळवतो. तिने वाट पाहण्याची ओळ परत घातली, बाकीही काहीबाही केलं. वेग साडेतीन. गिऱ्हाइकाला तेवढा पुरतो म्हणे. सहाचं खूळ साहेबांचं होतं.
माझ्याकडे अत्यंत जबाबदारीचं काम आहे. कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसून हात हलवत राहायचं. पडद्यावरचं चित्र या क्षणाचंच आहे, याची खात्री त्यावरून होते. हे किती दिवस, असं मी विचारलं. मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “बोलू नका. चित्रात बोलणं दिसत नाही. हात हलवा.”
खांदा दुखतो. एका अर्थी व्यायाम सुरू झाला.
घरी दारात उभा राहून हिला नवं काम करून दाखवलं. हिने विचारलं, निघालात का कुठे?
नाही म्हटलं, तर हिचा चेहरा पडला.