आम्हाला लागलेली लॉटरी

प्रिय ठकूस,

बाबांनी नवा सोफा फाडला, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. हो, तोच, दिवाणखान्यातला, चामड्याचा. आणून आठवडाही झाला नव्हता. सकाळी मी खाली आले तर सोफा उताणा पडलेला आणि हे त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले. आत काय निघावं? पुठ्ठा, स्टेपलच्या पिना आणि फोमचा चुरा. बाबा इतके खूश, की लॉटरी लागली त्या दिवशीही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "बघ, एवढ्या किमतीत एक खिळा नाही," म्हणाले. आता तो सोफा ते स्वतःच नव्याने भरताहेत. या अवाढव्य घरात तेवढ्याच कोपऱ्यात काथ्याचा वास येतो, आणि खरं सांगायचं तर मीही दिवसभर तिथेच बसते.

बाकी घर ठीक आहे. खोल्या जास्त आणि माणसं कमी, त्यामुळे हाक मारली तर ऐकू जात नाही. बाबा वरच्या मजल्यावरून मला फोन करतात आणि चहा झाला का विचारतात. शेजारचे लांबून हात हलवतात, बोलत कुणी नाही. तू फोनवर विचारतेस, कसं चाललंय, आणि मी मजेत म्हणते, कारण बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून आज लिहायला बसले आहे.

सोफे-खुर्च्या भरायचं दुकान बंद करायचं त्यांच्या मनात नव्हतं. पैसा आला म्हणून हातांनी काय करायचं, असं ते म्हणायचे. पण गिऱ्हाइकं वेगळी वागायला लागली. इतकी वर्षं बाबांकडूनच खुर्च्या भरून घेणाऱ्या त्या शिक्षिकाबाईंना बाबांनी नेहमीचा दर सांगितला, तर म्हणाल्या, "आता तुम्हाला काय कमी आहे हो?" आणि खुर्च्या उचलून घेऊन गेल्या. म्हणून पुढच्या माणसाला बाबांनी फुकट काम करून दिलं, तर त्याने गावभर केलं, की पैसेवाल्याच्या हाताला पूर्वीची सफाई राहिली नाही. मग कुणी यायचंच थांबलं. सवयीने तोंडात खिळे धरून बाबा नुसते दाराकडे बघत बसायचे. शेवटी मीच कुलूप लावलं.

तुला आठवतं का, लहानपणी तू त्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर झोपायचीस? दर आठवड्याला नवा पलंग. एकदा एक वकीलसाहेब सोफा न्यायला आले आणि तू त्यावर गाढ झोपलेली. बाबांनी तोंडातले खिळे काढले आणि सांगितलं, थोडं काम राहिलंय, उद्या या. काम कधीच झालं होतं.

नातेवाइकांचं मात्र बरोबर उलटं झालं. ते यायचे थांबेनात. मी त्यांचं बोलणं ऐकत राहायचे आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी जे आम्हाला 'तुम्ही लोक' म्हणायचे, ते सगळे एकदम 'आपण' म्हणायला लागले. तुझे चष्मेवाले काका, म्हणजे बाबांचे मावसभाऊ, आले तेच म्हणत, "आपण पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना काढू." विम्याचा माणूस म्हणाला, आपण जरा लांबचा विचार करू. बाबांचे एक शाळासोबती आले, म्हणाले, आपल्या मुलाला परदेशात पाठवायचंय. मला क्षणभर कळेना, आपल्याला मुलगा कधी झाला!

बाबा या एका शब्दाला भुलतात. कुणी 'आपण' म्हटलं, की त्यांचा हात खिशात गेलाच. कारखान्यातून एक बाटली बाहेर पडली नाही. काका आता सांगत फिरतात, की बाबांनी ऐन वेळी हात आखडता घेतला म्हणून बुडालो, आणि आमचा फोनही उचलत नाहीत. तुझ्या आत्याला गाडी दिली, तर ती काकांच्या गाडीपेक्षा लहान निघाली, म्हणून ती रुसली. ज्यांना दिलं ते कमी दिलं म्हणून तोंड फिरवतात, ज्यांना दिलं नाही त्यांचं तर विचारूच नकोस. मला याचा फारसा राग येत नाही, ठके. मी बघत असते. बाबांना मात्र लागतं.

सगळ्यात जास्त लागलं ते विनोदाचं. बाबांचे विनोद किती भिकार असतात, हे तुला सांगायला नको. हल्ली त्या विनोदांना सगळे पोट धरून हसतात. मागे त्या शाळासोबत्याकडच्या जेवणात त्यांनी मुद्दाम एक विनोद अर्ध्यावरच सोडला. शेवटच नव्हता त्याला. तरी सगळं टेबल हसलं.  घरी आल्यावर कपडे बदलता बदलता म्हणाले, "ठकी असती तर म्हणाली असती, बाबा, पुरे."

आणि मग गेल्या सोमवारी तुझं कार्ड आलं. नोंदणी कचेरीत लग्न, नंतर मोजक्या लोकांचं जेवण, हे तू फोनवर सांगितलंच होतंस. मुलगा आम्हाला आवडलाय, तेही तुला ठाऊक आहे. बाबांनी हात धुऊन, चष्मा लावून कार्ड वाचलं. मग 'आपण उभयतांनी अवश्य उपस्थित राहावे' या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "हे आपण म्हणजे कोण? ती धरून आपण, की नुसते आपण दोघं?"

मी म्हटलं, नुसते आपण दोघं. पाहुण्यांना म्हणतात ते आपण.

मग मी त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली. लॉटरीवाल्याने खुर्चीची मजुरी देताना सुट्टे नव्हते म्हणून गळ्यात मारलेलं ते तिकीट, त्याचा नंबर लागला, आणि बाबांनी पहिला फोन कुणाला केला असेल तर तुला. दुकानात आम्ही दोघंच होतो. ते ओरडले, "अगं, आम्हाला लॉटरी लागली!" मी शेजारीच उभी होते. 'आपल्याला' म्हणाले नाहीत. आणि तिकडून तुझा आवाज आला, "अभिनंदन, बाबा." आपल्याच घरच्या लॉटरीचं कुणी अभिनंदन करतं का? तेव्हापासून तुझ्या तोंडी तुमचं नवं घर, तुमची गाडी, तुमचा दिवाणखाना. पहिल्यांदा इथे आलीस ती फुलांचा गुच्छ घेऊन, आणि निघताना चादरीची घडी घालून गेलीस. स्वतःच्या घरून निघताना कुणी अशी चादरीची घडी घालतं का गं?

बाबांना त्यातलं काही आठवत नव्हतं. "मी 'आम्हाला' म्हणालो? ठकीला?" असं दोनतीनदा विचारलं. नंतर रागावले, तुझ्यावर नाही, त्या शब्दावर. जिभेवर जे आलं ते बोललो, त्याला काय करू, म्हणाले. आणि संध्याकाळी जाहीर केलं, की पाहुणा म्हणून लेकीच्या लग्नाला जायचं असेल तर मी येत नाही, तू एकटी जा. मी हसण्यावारी नेलं. पण त्यांनी कोट शिवायला दिला होता, तो दुसऱ्या दिवशी जाऊन परत आणला, अर्धवट शिवलेला. हा माणूस अडून बसला की कसा बसतो, ते तू जाणतेस. तूही तशीच आहेस.

म्हणून हे पत्र. त्यांच्या वतीने मी माफी मागत नाही. तू मोठं मन कर, असंही म्हणत नाही. मला तुझ्या लग्नात तुझे बाबा हवेत, बस. सगळ्या जगाने त्यांच्याकडे काही ना काही मागितलं, एका तुझ्याशिवाय. तुला तो मानीपणा वाटतो. त्यांना वाटतं, पोरीने आपल्याला घरातून काढून टाकलं. तेव्हा एकदा माग. तुम्हा दोघांच्या नव्या घरात बसायला अजून काही नसेलच. त्यांना फोन कर आणि सांग, बाबा, आपल्याला दोन खुर्च्या हव्यात, लग्नाच्या आधी हव्यात आणि तुम्ही स्वतः घेऊन या. ते आधी कुरकुरतील, लाकूड कुठलं, कापड कुठलं, वेळ किती कमी दिलास म्हणून ओरडतील. ओरडू दे. ओरडले की समज, येताहेत.

तुझीच,
आई