फाईल जोडली आणि निमंत्रण गेलं

तीर्थरूप बसवेशअप्पा,

अंबाजोगाईहून कल्याणरावचा तुमच्या पायी शरणार्थ. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, तुम्ही विश्वास ठेवू नका. फोनच केला असता, पण मी फोन कानाला लावला की तुमची बहीण शिवकांता शेजारी येऊन उभी राहते, आणि हे प्रकरण तिच्या कानावर जायच्या आत मिटायला पाहिजे.

तुमच्या भाचीची, ईश्वरीची, लग्नपत्रिका मी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरवर मांडायचं ठरवलं (तीस वर्षं स्टेशनरीचं दुकान चालवलंय, एवढं तर जमेल असं वाटलं). छापखान्यात दिली की एखादं नाव गळतं, आणि नाव गळलं की ते घर दहा वर्षं आपल्या दारात येत नाही. म्हणून पानं मांडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. पण मामा, काका, आत्या आणि कडा गावच्या व्याह्यांनी पाठवलेली पुढाऱ्यांची यादी घालता घालता चौकट भरली आणि शेवटची अकरा नावं दिसेनाशी झाली. मी ती खोडली नव्हती. आत कुठंतरी होती, पण दिसत नव्हती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मग कळलं, की हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट आहे, तिथं अडलेल्यानं विचारायचं. गटात तीनशे चाळीस माणसं. एवढ्या परक्या माणसांत शिरल्याबरोबर आपलंच रडगाणं लावणं मला बरं दिसेना. म्हणून आधी सर्व लहानथोरांना नमस्कार घातला, प्रत्येकाची प्रकृती विचारली, तिकडं पाऊसपाणी कसं आहे तेही विचारलं आणि अगदी शेवटी अडचण लिहिली. एकोणीस जणांनी प्रकृती कळवली (सांगलीच्या एकाला मूळव्याध आहे). अडचणीपर्यंत कुणी पोचलंच नाही.

पोचले ते एकटे बबनराव. हे गटाचे प्रमुख, मनमाडचे. त्यांनी लिहिलं, नमस्कार-चमत्कार बंद, आधी जुने प्रश्न वाचा. मी निमूटपणे चारशे जुने प्रश्न वाचले. माझाच प्रश्न एका बाईनं गेल्या वर्षी विचारला होता. खाली बबनरावांचं उत्तर होतं, आधी जुने प्रश्न वाचा.

बरं झालं दिपालीताई भेटल्या. कुठल्याशा शाळेत शिकवतात म्हणे. चौकटीच्या कोपऱ्यात लाल खूण दिसते का, असं त्यांनी विचारलं. मला दिसेना. स्क्रीनचा फोटो पाठवा म्हणाल्या, तर त्यात माझंच तोंड उमटलं. एवढं होऊनही बाईंनी आवाज चढवला नाही (लिहिण्यातही आवाज चढतो, हे मला बबनरावांमुळं कळलं). शेवटी त्या म्हणाल्या, दादा, फाईलच जोडा. मी जोडली. तासाभरात अकराच्या अकरा नावं जागेवर बसवून त्यांनी पत्रिका परत पाठवली, आणि खाली लिहिलं, बोलावणं पोचलं, आम्ही तिघं नक्की येतो.

अप्पा, तेव्हा मी पत्रिका पुन्हा तळापर्यंत वाचली. पत्रिकेत तळाला आपण काय छापतो? प्रत्यक्ष भेटणं जमलं नाही, हेच अगत्याचं निमंत्रण समजावं. ती पत्रिका मी माझ्या हातानं तीनशे चाळीस घरांत टाकली होती! संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणांनी येतो म्हणून कळवलं. सांगलीवाला सहकुटुंब येतोय.

मी सावरायला गेलो. दिलेलं बोलावणं परत घेणारं आपलं घराणं नव्हे. म्हणून जपून लिहिलं, की एवढ्या लांबून येण्याची तसदी घेऊ नका असं मी कसं म्हणू? लोकांना वाटलं मी आग्रह करतोय. आणखी सोळा जण वाढले.

मंगल कार्यालय केवढं आहे ते तुम्ही पाहिलंय. आपला आचारी हनुमान दोनदा विचारून गेला, "मालक, आकडा सांगा, मंग मी किराणा लिवतो. लई उशीर व्हायलाय." व्याह्यांची माणसं पंगतीत बसलेली असताना भात संपला, तर ईश्वरीला जन्मभर ऐकावं लागेल. मला काही होत नाही, पण पोरीला सासरी कुणी टोमणा मारलेला मला सहन होणार नाही. शिवकांता काल म्हणाली, "तुमी कावून सारखा त्यो फोन उलटा ठिवताव?" मी दुकानाचं काम म्हणालो. बत्तीस वर्षांत तिच्याशी एवढं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचाच भेदरलेला,
कल्याणराव

ता. क. आता मुद्द्याचं. तुम्ही मुलीचे मामा, शिवाय तुमच्या एका शब्दात माणूस तीन पावलं मागं सरकतो. गटात शिरायची लिंक सोबत उतरवून दिली आहे. तुमच्या नावानं एकच ओळ टाका, की कुणीही येऊ नये. शिव्या घातल्या तरी माझी ना नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मघाशी बबनरावांचा निरोप आला, गटावर नव्हे, एकट्या मला. तसाच उतरवतो: "लग्नाला यायचं म्हणतो. काही गोष्टी माहीत नाहीत. आहेर काय आणतात? पंगतीत आपण होऊन बसायचं की कुणी बसवतं? एकटा माणूस आलेला चालतो का? मंडळी गेल्यापासून अकरा वर्षांत मला कुणी बोलावलेलं नाही. प्रश्न अडाण्यासारखे वाटले तर क्षमा असावी."

गटावर काही लिहू नका, अप्पा. मी शिवकांताला सगळं सांगितलं, तिनं हनुमानाला बोलावून तांदूळ वाढवायला लावले. पुरतील की नाही, देव जाणे. बबनराव शनिवारी संध्याकाळी तुमच्या बीडच्या स्टँडवर उतरतील. त्यांना घरी न्या, जेवू घाला आणि रविवारी तुमच्या गाडीत घेऊन या. वाटेत ते काहीबाही विचारतील, तेच तेच चारदा विचारतील. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून हात जोडून सांगतो, त्यांच्यावर ओरडू नका.