सगळं उरकल्यावर बायकोला

मिल्टन, गुरुवार, एकादशी

रविवारी सकाळी पूजा आटोपून मी गावी दादाला फोन केला आणि सांगून टाकलं, पुढच्या वर्षी आम्ही परदेश सोडून कायमचे परत येतोय. बायकोला, सुनंदाला विचारलं नव्हतं. वाटलं, तिला सांगू सवडीने.

आज जेवताना मुलगी कॉलेजात चाललेल्या ग्रीक महाकाव्याची गोष्ट सांगत होती. युद्धावर गेलेला राजा वीस वर्षांनी परततो, तर घरात शत्रू ठाण मांडून बसलेले, म्हणून भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. मुलाला ओळख देतो, गुराख्यांना देतो. म्हातारा कुत्रासुद्धा त्याला ओळखतो. बायकोला मात्र शत्रूंना मारून सगळं उरकल्यावर कळतं!

मी भडकलोच. "वीस वर्षं घर तिने राखलं आणि विश्वास गुराख्यांवर? कसला हा वीर?"

"बाबा, रिलॅक्स! इट्स जस्ट अ स्टोरी."

सुनंदा भगर वाढत म्हणाली, "बाईच्या पोटात काही राहत नाही ना, म्हणून नसेल सांगितलं."

कुत्र्याला कळलं, राणीला नाही. आणि मी? त्या राजाला निदान शत्रूंची भीती होती. मला एवढीच, की ही नाही म्हणेल. मी इकडे आलो तेव्हा चार वर्षं गावी माझ्या आईचं हिने केलं. इथे आल्यावर शून्यातून डेकेअर उभं केलं. देवासमोर रोज हात जोडतो, पण हिच्याशी सरळ बोलवत नाही?

भांडी आवरताना सांगितलं. ती थांबली. "माझं डेकेअर बंद होणार हे भाऊजींना माहीत, मला नाही?"

मी तिच्यासमोरच फोन लावला. "दादा, रविवारचा शब्द मागे घेतो. सुनंदाला न विचारता दिला होता."