पंचफुलाच्या बोलत्या यंत्राची आणि माझ्या घरादाराची व्यवस्था

मी, रुपराव धोंडबाजी भोयर, वय अडुसष्ट, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वायरमन, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागाने बुद्धी गेलेली नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

राहतं घर आणि पोस्टातली बचत माझ्यामागे पत्नी सौ. पंचफुला हिची, आणि तिच्यानंतर सून सौ. उत्तरा हिची. ~~मुलगा चंपत याला काही नाही.~~ काहून नाही, ते लिहितो.

तीन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने पंचफुलाची वाचा गेली. चौथी शिकलेली आहे, वाचता येतं, पण उजवा हात निकामी, म्हणून लिहिता येईना. त्याच साली चंपतने मस्कतहून हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. महिन्यात बंद पडला आणि माळ्यावर गेला. मी तो उतरवला, उघडला. माझी शाळा सातवीपर्यंत. बाकीचं बर्डीच्या फुटपाथवरल्या जुन्या पुस्तकांतून आणि बोटांना चटके घेत शिकलो. खेळाची चिप काढून मी स्वतः लिहिलेल्या हुकुमांची चिप बसवली. बटन दाबलं की पीप वाजते आणि पडद्यावर शब्द उमटतो: पाणी, दुखतं, उकडतं, हो, नको. एका बटनावर माझं नाव ठेवलं, मला बोलवायला.

ते बटन ती दाबेचना. तीनदा यंत्र उघडून मी तारांच्या जोडांना पुन्हा सोल्डरचे डाग दिले. शेवटी उत्तरा हसू दाबत म्हणाली, "मामाजी, बटन नाही बिघडलं. उखाण्याबाहेर आत्याबाईनं कधी तुमचं नाव घेतलं का?"

मी कपाळावर हात मारला. असल्या चिपवर लिहिलेलं पुसायला तिच्या काचेच्या खिडकीवर कडक ऊन पडावं लागतं. वैशाखात गच्चीवर सांडग्यांच्या ताटाशेजारी आठ दिवस ठेवली आणि नव्याने लिहिली. नावाच्या जागी 'अहो' आलं. त्या दिवशी तिने ते अकरा वेळा दाबलं, काही काम नसताना.

आणि मागच्या महिन्यात चंपत सुटीवर आला. "बाबा, एवढी महागाची वस्तू भंगार करून टाकली तुम्ही! काहून उघडली?"

"तुह्या मायले बोलता यावं म्हून!"

तरी न विचारता त्याने यंत्र बर्डीच्या दुकानात नेलं, पहिल्यासारखं करा म्हणून. दुकानदार म्हणे, कोण्या अनाड्याने हात घातला. अनाडी मी! घरात आलेल्या वस्तूचं झाकण उघडायला कोणाची परवानगी लागते? चार स्क्रू आहेत, देवळाचा गाभारा नव्हे. दोन दिवस पंचफुला वाटी आपटत राहिली. मी जाऊन यंत्र परत आणलं. माझी चिप त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात सापडली, ती पुन्हा बसवली.

म्हणून यंत्र पंचफुलाच्याच हाती राहील. माझं सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि सगळ्या वह्या उत्तराला. ती डाग माझ्याहून बारीक देते. चंपतने त्या झाकणाला बोट लावू नये.

इथवर लिहून साक्षीदारांसमोर पंचफुलाला वाचून दाखवलं. 'चंपत याला काही नाही' या ओळीवर तिने 'नको' दाबलं. पुन्हा वाचलं. पुन्हा 'नको'.

शेजारचे भैयाजी म्हणाले, "रुपरावजी, वहिनी साफ सांगून राहिल्या."

"माय आहे ते, तिले काय समजते?" मी म्हटलं. तेव्हा तिने माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा दाबलं आणि बोट उचललंच नाही.

तिला शब्द मिळावा म्हणून मी पोटच्या पोराशी भांडलो. तोच शब्द माझ्याविरुद्ध निघाला तर ऐकायचा नाही, हे मला जमणार नाही. वरची ओळ खोडली आहे आणि खोडलेल्या जागेपाशी सही केली आहे. पंचफुलानंतर घर आणि बचत चंपत व उत्तरा या दोघांना सारखी. यंत्राबद्दल लिहिलं ते तसंच राहील. माझा रागही तसाच आहे. तो खोडलेला नाही.

लिहून देणार: रुपराव धोंडबाजी भोयर (सही)
वाचून दाखवलेलं ऐकलं, 'हो' दाबलं: सौ. पंचफुला रुपराव भोयर (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: भैयाजी ठवकर (सही), शोभाताई उमाठे (सही)
प्रताप नगर, नागपूर. १९ जून १९८८